काळीज, फणी आणि सहाव्या दिवसाच्या लांबट पेशी

या खेपेला एकाच प्रश्नाला बरीच पानं जाणार आहेत, हे आधीच सांगून ठेवते. नोकरीतली एकोणीस वर्षं मी जे काम केलं त्याबद्दलचंच पत्र आलंय, आणि तेही कोल्हापुरातूनच. मागच्या अंकात यकृतावर लिहिलं होतं, त्यामुळं बाकीचे प्रश्नही काळजाच्या आणि उंदराच्या आसपासचेच आहेत. मधुमेहावरच्या पत्रांना पुढच्या महिन्यात उत्तरं देईन.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका वनस्पतीचा अर्क पॅरासिटामॉलच्या माऱ्यापासून यकृताला वाचवतो का, हे बघायचा माझा प्रकल्प आहे. समितीची परवानगी घेऊन दोन उंदीर मिळाले. पहिल्याचं यकृत कॅल्शियम नसलेल्या द्रावणानं धुतलं, मग त्याच द्रावणात कोलॅजनेज (पेशी सुट्या करणारं विकर) विरघळवून सोडलं. दहा मिनिटांत यकृत सैल होतं असं वाचलं होतं, मला पंचवीस लागली. पेशी गाळून १५०० आरपीएमवर पाच मिनिटं फिरवल्या. ट्रिपॅन ब्लूनं (हा निळा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) ७२ टक्के जिवंत दिसल्या. साध्या प्लेटमध्ये डीएमईएम (पेशींचं पोषक माध्यम) आणि १० टक्के सीरम घालून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त तरंगत होत्या, उरलेल्या वाढेनात. पण सहाव्या दिवसापासून लांबट, टोकदार पेशी झपाट्यानं वाढल्या आणि आता प्लेट भरलीय. म्हणजे जमलं ना? यांच्यावरच प्रयोग करू, की दुसरा उंदीर घेऊ?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही गं, जमलेलं नाही. या पेशींवर प्रयोग करू नकोस, आणि दुसरा उंदीर अजून पिंजऱ्यातच राहू दे. पण तू फेरे, मिनिटं, टक्के सगळं लिहिलंस, त्यामुळं कुठं काय बिघडलं ते मला घरी बसून सांगता येतंय. 'पेशी मरतात, काय करू' एवढंच लिहिणाऱ्यांना मी काय सांगणार?

आधी त्या लांबट पेशींचं. त्या यकृतातल्याच आहेत, पण यकृतपेशी नव्हेत. यकृताचं मुख्य काम करते ती हेपॅटोसाइट. मोजल्या तर यकृतातल्या पेशींपैकी साठेक टक्के ह्याच, पण अंगानं थोराड असल्यामुळं यकृताचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग ह्यांचाच. उरलेल्या जागेत रक्तवाहिन्यांचं अस्तर, कचरा गिळणाऱ्या कुप्फर पेशी, अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या स्टेलेट पेशी आणि थोडे फायब्रोब्लास्ट. डिशमध्ये नीट बसलेली हेपॅटोसाइट एकदा बघितलीस की विसरणार नाहीस. बहुकोनी, शेजारणींना चिकटून, वाड्याच्या सोप्यात शहाबादी फरशी बसवावी तशी. दोन फरश्यांच्या सांध्यात चकाकणारी बारीक रेघ, आणि पोटात गोल केंद्रक, कधी दोन. याउलट लांबट, टोकदार, सगळ्या एकाच दिशेनं निघालेल्या पेशी दिसल्या की पिकात तण माजलं समजायचं. असल्या पेशींना उघडं प्लॅस्टिक चालतं, आणि सीरम तर फारच आवडतं. तू सहा दिवस दोन्ही पुरवलंस.

आता तुझ्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द, 'वाढेनात'. प्रौढ उंदराची यकृतपेशी डिशमध्ये वाढत नाही. तिला जगवायचं असतं, तेही थोडे दिवस. अंगात मात्र तीच पेशी वाढायला लागली तर थांबवणं मुश्कील. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराचं दोन तृतीयांश यकृत काढून टाकलं, तर उरलेल्या पाळ्या फुगून आठ-दहा दिवसांत वजन होतं तितकं भरलं. रक्तातून तसे निरोप येतात म्हणून हे होतं. १९८४ मध्ये नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत कापलेल्या उंदरांच्या रक्तद्रवातून असा एक निरोप्या बऱ्यापैकी वेगळा काढला, त्याला हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर म्हणतात. तो किंवा ईजीएफ नावाचा दुसरा तसाच निरोप्या घातला तर डिशमधल्या पेशी डीएनएची नक्कल काढतात, काही विभागतातही. पण एका फ्लास्कचे चार, चाराचे सोळा, हे यांच्याकडून होत नाही. माझ्या गाइडनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते.

आणि नुसत्या जगल्या म्हणून भागत नाही, त्या कामही विसरतात. औषधं आणि विषं मोडणारी सायटोक्रोम पी-४५० ही विकरं अंगातून बाहेर पडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्यानं उतरतात. तुझ्या प्रकल्पात इथंच गोम आहे. पॅरासिटामॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतपेशीतलं पी-४५० त्याचं एका जहाल पदार्थात रूपांतर करतं, आणि त्याला निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा संपला की तो पेशीच्या प्रथिनांना चिकटून तिला मारतो. म्हणजे ज्या पेशीत पी-४५० उरलेलंच नाही तिला पॅरासिटामॉल फारसं काही करत नाही. तू आज भरलेल्या प्लेटवर प्रयोग केलास तर काय दिसेल? पॅरासिटामॉल घातलं, पेशी टवटवीत. अर्क घातला, तरीही टवटवीत. आणि लिहून मोकळी होशील की अर्कानं यकृत वाचवलं! उसाचा रस घातला असतास तरी वाचलं असतं. असले निष्कर्ष मी परीक्षक म्हणून वाचलेत, आणि एकदा माझ्याही हातून होता होता राहिलाय.

आता पंचवीस मिनिटांचं. यकृतपेशी शेजारणींचे हात धरून असतात. ते हात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांचे, आणि कॅल्शियमशिवाय त्यांची पकड टिकत नाही. म्हणून पहिलं द्रावण बिनकॅल्शियमचं, हवं तर उरलंसुरलं कॅल्शियम पकडायला त्यात थोडं ईजीटीए. इथवर तू बरोबर होतीस. पण कोलॅजनेज हे क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूचं विकर, आणि त्याला स्वतःला काम करायला कॅल्शियम लागतं. तू त्याला उपाशी ठेवून नांगराला जुंपलंस. दुसऱ्या द्रावणात ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाल, ईजीटीए अजिबात नको, आणि विकर ०.०५ टक्के. मग आठ ते बारा मिनिटांत काम होतं. आधी कॅल्शियम काढायचं आणि मग विकरासाठी परत द्यायचं, ही दोन पायऱ्यांची रीत नॉर्वेच्या सेग्लेन यांची, १९७६ ची. त्याआधी १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी यकृताचे काप न करता त्याच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्यांतून विकर सगळीकडं पोचवून दाखवलं होतं. ही रीत रुळायच्या आधी यकृत घासून, चाळणीतून दाबून पेशी काढत, आणि त्या बहुतेक फुटक्याच निघत.

कोलॅजनेजच्या बाटलीबद्दल एक. ती उणे वीस अंशांत असते. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये फ्रीझरमधून काढून लगेच झाकण उघडलंस तर हवेतली ओल भुकटीवर बसते आणि विकर मरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हात लावायचा नाही. शिवाय हे विकर लॉटप्रमाणं बदलतं. एका लॉटनं सुरेख पेशी निघतात, दुसऱ्यानं चिखल होतो. शक्य असेल तर दोन-तीन लॉटचे नमुने मागवायचे, तपासायचे, आणि जो चालेल त्याच्याच चार बाटल्या एकदम घेऊन ठेवायच्या.

यकृत धुण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तिथं अडचण आली नसावी, किंवा आलेली कळली नसावी. उंदराला पूर्ण भूल, पोट उघडून पोर्टल शिरेत (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी शीर) व्हेनफ्लॉनची सुई-नळी, रेशमी दोऱ्यानं पक्की गाठ, आणि द्रव सुरू झाल्याबरोबर खालची महाशीर कापून वाट मोकळी करायची. यात एक मिनिट उशीर झाला तर यकृत फुग्यासारखं फुगतं. सगळं नीट चाललं असेल तर गडद लाल यकृत बघता बघता फिकट, चहात दूध जास्त झाल्यासारखं होतं. सगळ्या पाळ्या एकदम फिकट झाल्या पाहिजेत. एखाद्या पाळीवर लाल डाग राहिला तर बहुतेक वेळा तिथं हवेचा बुडबुडा जाऊन अडकलेला असतो.

या बुडबुड्यांनी माझे पहिले तीन उंदीर वाया घालवले. १९८८ सालची गोष्ट. प्रयोगशाळेतला पंप जुना, नळ्या ठिकठिकाणी चिरलेल्या, आणि नवीन मागवायचं म्हणजे पुढचं आर्थिक वर्ष. शेवटी मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडं गेले. सलाइनच्या सेटमधली ठिबकणारी नळी असते ना, ती उभी धरून बुडबुडे वरच अडवायचे, आणि तिच्याभोवती गरम पाण्याचं भांडं बसवायचं, असं स्टँड मला पाहिजे होतं. त्यांनी कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्ये कशाला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उंदराचं काळीज धुवायला यवढा तामझाम? आमची म्हस बादलीभर पाण्यात हुतीय की!" पण स्टँड असं केलं की मी निवृत्त झाले तेव्हाही ते तिथंच उभं होतं, गंजाचा ठिपका नाही. गरम पाण्याच्या भांड्याचा मुद्दाही लक्षात ठेव. बाटलीत ३७ अंश म्हणजे यकृतात ३७ नव्हे. डिसेंबरच्या सकाळी मीटरभर नळीतून जाताना द्रव चांगलाच थंड होतो. थर्मामीटर नळीच्या टोकाशी धर आणि बाटलीचं तापमान त्या हिशेबानं चढव. प्रवाह मिनिटाला २५-३० मिलिलिटर पुरे.

थांबायचं कधी? घड्याळ बघून नाही. यकृत लुसलुशीत होतं, वरच्या पातळ आवरणाखाली भेगांची जाळी दिसायला लागते, आणि चिमट्याची पाठ टेकवली तर खळगा तसाच राहतो, झाडावर जास्त पिकलेल्या चिकूसारखा. त्याच मिनिटाला पंप बंद. दोन मिनिटं आणखी चालू ठेवलास तर पेशी निघतील पुष्कळ, पण निळ्या निघतील. तुझे ७२ टक्के त्या पंचवीस मिनिटांमुळंच आहेत. ८५ च्या खाली आलं तर मी त्या दिवशी प्लेटा लावतच नसे. पर्कोल नावाच्या दाट द्रवावर तरंगवून मेलेल्या वेगळ्या करता येतात, पण तोवर जिवंत असलेल्याही शिणलेल्या असतात.

मग यकृत थंडगार माध्यमात घ्यायचं, आवरण फाडायचं आणि विंचरायचं. हो, विंचरायचंच. स्टीलची बोथट दातांची फणी आम्ही खास त्यासाठी ठेवली होती. एका नवीन शिपाईमामांनी ती ऑटोक्लेव्हमधून काढून आरशाजवळ ठेवली, तेव्हापासून तिच्यावर कवटीचं चित्र चिकटवलं. चांगलं झालेलं यकृत असं विंचरताना पिठल्यात पीठ सुटावं तशा पेशी ढगाढगानं सुटतात. ओढावं लागत असेल तर झालेलं नाही. शंभर मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळ.

आता ते १५०० आरपीएम. आरपीएम म्हणजे नुसते फेरे, पेशीला कळतो तो जोर, आणि तो रोटरच्या त्रिज्येवर ठरतो. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. तुझ्या रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली तर १५०० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे ३७७ पट जोर होतो. हवा असतो ५० पट, म्हणजे साडेपाचशेच फेरे, दोन-तीन मिनिटं. हेपॅटोसाइट वीस-तीस मायक्रॉनची जड बाई, ती एवढ्यानंही तळाला बसते. रक्तपेशी, कुप्फर, स्टेलेट वरच राहतात, आणि वरचं पाणी ओतलं की गेल्या. असं तीनदा. तू ३७७ पटीनं फिरवलंस तेव्हा सगळी वरात तळाला बसली आणि तण तिथंच पेरलं गेलं.

पेशी तरंगल्या त्याला एक कारण त्यांची दमणूक, दुसरं साधी प्लेट. यकृतपेशीला बसायला कोलॅजनचं अंथरूण लागतं. ते विकत मिळतं, महाग असतं. आम्ही त्याच उंदराची शेपटी वापरायचो. शेपटीतले पांढरे चकचकीत कंडरे चिमट्यानं ओढून काढायचे, अल्कोहोलमध्ये बुडवायचे, सौम्य अॅसेटिक आम्लात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ढवळत ठेवायचे. घट्टसर द्रव होतो, तो पातळ करून प्लेटला लावायचा, वाळवायचा, धुवायचा. म्हणजे शेपटी आधीच्या खेपेची लागते, हे ओघानं आलंच. तुझ्या पहिल्या उंदराची शेपटी फ्रीझरमध्ये असेल तर चांगलं आहे. नसेल तर विभागात विचार, कुणीतरी उंदरावर काम करतच असेल.

माध्यम विल्यम्स ई घे. पहिले चार तास सीरम घालून ठेव, पेशी बसू देत. मग न बसलेल्या धुवून काढ आणि पुढं सीरम बंद. त्याऐवजी इन्सुलिन आणि १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन. डेक्सामेथासोन आकार आणि काम दोन्ही टिकवायला मदत करतं, आणि सीरम नसलं की तणही आवरतं. आणखी लांब टिकवायच्या असतील तर १९८९ मध्ये डन, यार्मश आणि मंडळींनी दाखवलेली सँडविचची युक्ती आहे. पेशींच्या वरूनही कोलॅजनचा दुसरा थर द्यायचा. दोन्हीकडून पांघरूण मिळालं की पेशींना वर-खाली कळायला लागतं, पित्ताच्या बारीक वाटा पुन्हा तयार होतात, आणि आठवडे निघतात. पण तुला त्याची गरज नाही. तुझा प्रयोग पेशी लावल्यापासून चोवीस तासांच्या आतच सुरू झाला पाहिजे. लावल्या त्या दिवशी पेशी बसवायच्या, संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी अर्क आणि पॅरासिटामॉल, त्यानंतर एलडीएच (पेशी फुटली की बाहेर पडणारं विकर) किती गळालं ते मोजायचं, की संपलं. आणि अर्क ज्यात विरघळवला त्या नुसत्या द्रावकाची वेगळी रांग हवी. ती तुझ्या आराखड्यात आहे का, ते पत्रात नाही.

एकच उंदीर उरलाय म्हणून घाबरू नकोस. अडीचशे ग्रॅमच्या उंदराचं यकृत दहाएक ग्रॅमचं, आणि हात बसला की त्यातून वीस कोटी जिवंत पेशी निघायला हरकत नाही. चोवीस घरांच्या प्लेटमध्ये घरटी तीन लाख धरल्या तर एका प्लेटला ७२ लाख. करून बघ भागाकार. पंचवीसहून जास्त प्लेटा होतात, तुझा अख्खा प्रकल्प एका सकाळीत बसतो. फक्त त्या सकाळी एकटी राहू नकोस, पंपाशी एक जण लागतोच. आणि त्याआधी, दुसऱ्या कुणाच्या मंजूर प्रयोगातला उंदीर प्रयोग संपल्यावर मिळत असेल तर समितीला सांगून त्याच्यावर पोर्टल शिरेत नळी घालायचा सराव कर. पाच वेळा. मी तीन उंदीर गमावून जे शिकले ते असं फुकटात शिकता येतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

प्रश्न : ताई, शुक्रवार पेठेत माझं मटणाचं दुकान आहे. तुमचं यकृतावरचं लिखाण पोरीनं वाचून दाखवलं. आमच्याकडं रोज ताजं काळीज असतंय. मग शास्त्रज्ञ उंदीर कशाला मारतात? आमच्याकडनं पाव किलो न्यावं की.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दादा, पहिल्यांदा तुमचे आभार यासाठी की तुम्ही काळीज हा शब्द बरोबर जागी वापरलात. कवी लोकांनी तो हृदयाला देऊन टाकलाय, पण मटणाच्या दुकानात अजून काळीज म्हणजे यकृतच.

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. उंदराच्या यकृतात ग्रॅमला दहा-बारा कोटी पेशी असतात. तोच हिशेब लावला तर तुमच्या पाव किलोत अडीच हजार कोटी तरी होतील. पण त्या तुमच्या फळीवर येईपर्यंत मरणाच्या वाटेला लागलेल्या असतात. रक्त थांबलं की प्राणवायू थांबतो, आणि ऊबदार यकृताला ते फार वेळ सोसत नाही. म्हणून उंदरात आम्ही हृदय चालू असतानाच द्रव सोडतो, मधे खंडच पडू देत नाही. दुसरं म्हणजे, विकर आत पोचवायला यकृताच्या शिरा अखंड लागतात, तुम्ही गिऱ्हाइकाला सुरेख तुकडे करून देता. अर्थात कत्तलखान्यातून थेट, थंड द्रावणात घालून आणलेल्या मोठ्या जनावराच्या यकृताची एखादी पाळी घेऊन, तिच्या कापलेल्या शिरेत नळी बसवून पेशी काढलेल्या आहेत. माणसाच्या यकृतपेशीही शस्त्रक्रियेत कापलेल्या तुकड्यातून अशाच काढतात. म्हणजे तुमची कल्पना चुकीची नाही, फक्त दुकानापर्यंत येण्यात वेळ जातो.

आणि बकऱ्यानं काय खाल्लं, कुठलं औषध पोटात गेलं, वय किती, कुणाला ठाऊक? काळजात ते पानासारखे चपटे जंत तुम्हालाच कितीदा सापडत असतील. प्रयोगशाळेतला विस्टार उंदीर एका वंशाचा, एका खाण्यावरचा, जन्मतारखेसकट माहीत असलेला असतो.

तरी काळीज मी तुमच्यासारख्यांकडूनच घ्यायची, अकरावीच्या पोरांना दाखवायला. तुकड्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले की फसफसून फेस येतो. कॅटॅलेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. तेवढं काम ते मेल्यावरही करतं. घरी पोरीला करून दाखवा, पण ते काळीज मग खाऊ नका.

प्रश्न : मी अहिंसा पाळणाऱ्या घरातला निवृत्त शिक्षक. पेशी डिशमध्येच ठेवायच्या असतील तर त्या विकतही मिळतात म्हणे. मग जीव कशाला घ्यायचा? आपल्याला कधी वाईट वाटलं नाही का?
(एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : सर, वाटलं. अजूनही वाटतं, विशेषतः त्या बुडबुड्यांच्या तीन उंदरांचं, कारण त्यांच्यातून काहीच हाती आलं नाही.

विकत मिळतात हे खरं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशींचे वाण मिळतात. माणसाच्या यकृताच्या गाठीतून आलेला हेप-जी-टू हा त्यातला नेहमीचा. तो फ्लास्कमागून फ्लास्क वाढतो, उंदीर लागत नाही. पण जी वाढत सुटते ती पेशी यकृताची बरीच कामं टाकून आलेली असते. हेप-जी-टूमध्ये विषं मोडणाऱ्या विकरांची पातळी खऱ्या यकृतपेशीच्या मानानं फारच कमी. त्यामुळं काही प्रश्नांना तो पुरतो, काहींना नाही. वरच्या मुलीच्या पॅरासिटामॉलच्या प्रश्नाला नाही पुरत.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी तीन गोष्टी मांडल्या. प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, चालत नसेल तर कमीत कमी प्राणी घ्या, आणि जे घ्याल त्यांना कमीत कमी त्रास द्या. आपल्याकडं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे, आणि प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची नीतिसमिती ठेवून तिच्या मंजुरीशिवाय उंदराला हात लावता येत नाही. या कामात उंदराला भूल दिली जाते आणि त्यातून तो जागा होत नाही. जिवंत जनावराला महिनाभर विष पाजून मग तपासण्यापेक्षा एका उंदराच्या पेशींवर पंचवीस प्लेटा लावणं मला कमी वाईट वाटतं. ही माझी समजूत, तुम्हाला पटावी असा आग्रह नाही.

पण तुमच्या बाजूचं एक मी बोलते. नीतिसमितीवर मी काही वर्षं होते. दर वर्षी 'अमुक वनस्पतीचा यकृतावर परिणाम' असे अर्ज येत, नाव तेवढं बदललेलं, आराखडा मागच्याचीच नक्कल. त्यातल्या निम्म्यांना मी विचारायची, हे हेप-जी-टूवर आधी का करून बघत नाही? उत्तर बहुधा एकच, 'मॅडम, उंदीर असला की पेपर लवकर छापतो.' असले अर्ज मी परत पाठवले. त्यावरून दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

प्रश्न : आमच्या पुस्तकात एका पेशीत एकच केंद्रक दाखवलंय. तुम्ही यकृतपेशीत दोन असतात लिहिलंत. ती आजारी असते का? आणि उंदराला पित्ताशय नसतं हे खरं का?
(बारावीचा विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : आजारी नाही. प्रौढ उंदराच्या यकृतात साधारण चारातली एक पेशी दोन केंद्रकांची असते. केंद्रक विभागलं पण पेशीच्या मधली भिंत पडलीच नाही, असं होऊन. काहींत केंद्रक एकच असतं, पण गुणसूत्रं दुप्पट. माणसाच्या यकृतातही दोन केंद्रकांच्या पेशी सापडतात, पण उंदराइतक्या नाहीत. पुस्तकातलं चित्र बरोबर आहे, ते सगळ्या पेशींचं सरासरी चित्र आहे एवढंच.

पित्ताशयाचं खरं आहे, पण त्यात एक घोळ आहे. आपण मराठीत दोघांनाही उंदीर म्हणतो. इंग्रजीत ज्याला रॅट म्हणतात त्या मोठ्या उंदराला पित्ताशय नसतं. माऊस म्हणतात त्या लहानग्याला असतं. मोठ्याचं पित्त साठवलं जात नाही, यकृतातून नळीनं सरळ लहान आतड्यात जातं. ही पित्तनळी पोर्टल शिरेला अगदी खेटून जाते. वरच्या पत्रातल्या मुलीनंही हे वाचावं, कारण रेशमी दोरा शिरेभोवती बांधताना घाईत तो त्या नळीभोवतीच पडतो, आणि आपण नळीची गाठ आवळून शीर का सुटी राहिली म्हणून बघत बसतो. मी दोनदा बघत बसलेय.